पाठकोरे कागद

बोदलकसा,
ता. २ नोव्हेंबर १९४२

तीर्थस्वरूप केशोराव मामास,
भाची धुरपताचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

मामा, काल डाकवाल्यानं फौजेचा कागद आणून देला. सारा इंग्रजीत. गावात एकालेही वाचता येत नाई. तुमचे जावाई खच्चरांच्या पलटणीत सिंगापूरले गेले, त्यायचं शेवटचं कार्ड संक्रांतीले आलं होतं. त्याच्यामागून सिंगापूर पडलं अन् तवापासून काईच नाई.

सासऱ्यायनं कागद उलटा धरला, सुलटा धरला. पूजा सांगणाऱ्या महाराजाले बोलावलं. महाराज म्हणे, "सरकार उगाच कायले कागद धाडते? समजून घ्या, उदाराम." हे ऐकलं अन् सासू तिथंच बसली, उठलीच नाई. मी म्हटलं, वाचता येत नाई तर समजता कायचं? तोंडाले तोंड देते म्हणून शिव्या खाल्ल्या.

कागद सोबत धाडून राहिली. काय लिहिलं तेच लिहा, माझ्यासाठी गोड करू नका. तुमी साऱ्या जिंदगीत शाळेतल्या पोरायच्या चुका झाकल्या नाईत, आता तरी झाकू नका. जीव टांगला हाये.

तुमची,
धुरपता

—

गोंदिया,
ता. ८ नोव्हेंबर १९४२

चि. सौ. धुरपता हीस केशोरावाचे अनेक आशीर्वाद.

पहिल्यांदा हे वाच: सुकराम गेला असं या कागदात कुठेही लिहिलेलं नाही. पुन्हा वाच, सासूला वाचून दाखव, मग पुढे चल.

कागदात आहे ते असं: सुकराम फेब्रुवारीपासून बेपत्ता आहे, आणि शत्रूने त्याला कैद करून नेलं असेल. शेवटचं वाक्य इंग्रजीत 'मे हॅव बीन टेकन' असं आहे. यात 'टेकन' म्हणजे नेलं, ते खरं क्रियापद. त्याच्या आधीचे तीन शब्द त्याचे मदतनीस. आम्ही त्यांना सहाय्यक क्रियापदं म्हणतो. बाई, तुझा सगळा जीव त्यातल्या पहिल्या मदतनिसावर टांगलेला आहे. 'मे' म्हणजे लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. असेल किंवा नसेल. तुझ्या महाराजाला सांग की सरकारलाच ठाऊक नाही ते त्याला कुठून कळलं?

मी तुझ्या वतीने फौजेच्या दप्तराला इंग्रजीत अर्ज पाठवला आहे. उत्तर माझ्या पत्त्यावर येईल. शकुंतला असती तर आज तुझ्यासाठी देवाला साखर ठेवली असती. तिच्या बापाला ते जमत नाही.

केशोराव

—

बोदलकसा,
ता. १४ डिसेंबर १९४२

तीर्थस्वरूप मामास नमस्कार.

तुमचं पत्र चारदा वाचून दाखवलं. सासू थोडी जेवली. पण मामा, आता दुसरंच सुरू झालं.

सासूच्या सपनात हे येतात. दारात उभे राहून पाणी मागतात, आत येत नाईत. महाराज म्हणे, ज्याचं मढं भेटलं नाई त्याले पळसाचं मढं करा. हाडांच्या जागी तीनशे साठ पानं, डोक्याच्या जागी नारळ. ते जाळलं का त्याले पाणी पोचते. माघात पळसाची पानं झडतात, त्याच्या आत करायचं म्हणून राहिले.

मामा, हे तिकडं जिते असले अन् इथं घरच्यायनं त्यायले जाळलं तर? मग परत आले तर कोणत्या दारानं घरात घेतील? मी सासऱ्यायले म्हटलं, जित्या माणसाले जाळता? ते म्हणे, "तुया मामा काई ब्रह्मदेव नोहे. त्यानं लिहिलं अन् तुनं ऐकलं."

म्हणून सांगते, मले इंग्रजी शिकवा. सारी नोको, ते मदतनीसच शिकवा. पुढचा कागद आला तर मले माझ्या डोळ्यानं वाचता आला पायजे. तुमच्या भरोशावर नाई अन् महाराजाच्याही नाई. राग आला तर येऊ द्या.

धुरपता

—

गोंदिया,
ता. ३ जानेवारी १९४३

चि. सौ. धुरपता हीस आशीर्वाद.

राग आला होता. मग हसू आलं. तीस वर्षं शिकवलं, पण 'माझ्या डोळ्यानं वाचायचं आहे' असं एकाही पोराने म्हटलं नाही. त्यांना फक्त पास व्हायचं होतं.

लढाईमुळे बाजारात कोरा कागद नाही. म्हणून तुझे धडे पाठकोऱ्या कागदांवर लिहितो आहे. माझ्या पेटीत जुन्या परीक्षांचे गठ्ठे पडलेत, त्यांच्या मागच्या बाजू कामाला आल्या. या कागदामागे नंदलाल नावाच्या एका गाढवाचा भूगोल आहे, तो वाचू नकोस, बिघडशील.

सोबत इंग्रजी मुळाक्षरांचा तक्ता आहे, तो आधी गिरव. धडा पहिला. मराठीत मदतनीस मागून येतो: 'गेला आहे', 'नेलं असेल'. इंग्रजीत तो पुढे चालतो. धानाच्या रोवणीला बाया रांगेनं उभ्या राहतात ना? तसंच. पुढे 'मे' नाही तर 'मस्ट', मग 'हॅव', मग 'बीन', आणि सर्वांत शेवटी खरं काम करणारा. रांग मोडायची नाही. काळ बदलला की पहिला बदलतो, बाकीचे जागच्या जागी. 'नाही' म्हणायचं असेल तर 'नॉट' पहिल्याच्या पाठीशी. प्रश्न विचारायचा असेल तर पहिल्याला उचलून कर्त्याच्या पुढे उभा कर.

आणि हे पाठ कर. 'मे' म्हणजे ठाऊक नाही. 'मस्ट' म्हणजे पाहिलं नाही, पण अंदाज पक्का. 'वॉज' म्हणजे झालं, कुणीतरी पाहिलं, आता त्यावर वाद नाही.

तुमची झाडीबोली तरी काय कमी आहे? 'तो येऊन राहिला' यात 'राहिला' कोण? मदतनीसच. तो माणसाला वाटेवर चालता ठेवतो. सुकरामवर दहा वाक्यं करून पाठव.

केशोराव

—

बोदलकसा,
ता. ९ मार्च १९४३

तीर्थस्वरूप मामास नमस्कार.

दहाच्या जागी वीस वाक्यं धाडून राहिली. नावाच्या जागी रेघ मारली हाये. लग्नाले सहा वर्षं झाली, उखाण्यात घेतलं तेवढंच, नाईतर त्यायचं नाव कधी तोंडातून काढलं नाई. आता हे परदेशात असता काढू अन् त्यायचं आयुष्य कमी करू? तुमच्या इंग्रजीले रेघ चालत नसन तर तिले चालवून घ्यायले सांगा.

नंदलालचा भूगोलही वाचला. मागची बाजू मी सारीच वाचते, कागदावर दुसरं काय हाये वाचाले? त्यानं लंकेले हिमालयात नेऊन ठेवलं.

पळसाची पानं झडली, मामा! महाराज अन् पंच बोलत राहिले अन् झाडं उघडी झाली. आता वैशाखात नवी पानं येईपर्यंत त्यायले कोणी जाळू शकत नाई. जंगल फुलांनी लालेलाल हाये अन् पान एक नाई. मी बांधावर बसून हसली. सासू म्हणे, पोरीचं डोकं फिरलं.

सासरे रोज दिवसबुडता ओसरीवर बसून विचारतात, "आज कोणता शब्द?" मी सांगितला का खाली थुंकतात अन् उठून जातात. जखमेवर मीठ चोळाचीही एक रीत असते, ती यायच्यापासून शिकावं.

दप्तराचं उत्तर आलं का? लवकर लिहा. झाडाले पालवी फुटून राहिली का मी रोज पाहते.

धुरपता

—

गोंदिया,
ता. २० मे १९४३

चि. सौ. धुरपता हीस आशीर्वाद.

उत्तर नाही. लढाईच्या दिवसांत दप्तरं सावकाश चालतात. पंचांना सांग की पहिल्या कागदातला 'मे' अजून तसाच उभा आहे.

वाक्यं तपासली. वीसपैकी सतरा बरोबर. रेघेला कर्ता म्हणत नाहीत, पण चालवून घेतलं.

तब्येत बरी नाही, म्हणून थोडक्यात. 'माइट' शिक. तो 'मे'पेक्षा अशक्त, पण त्याच घरातला. 'कुड'ही शिक. होऊ शकलं असतं, वाचू शकला असता. असे पुष्कळ शब्द आहेत, एक संपला की दुसरा. मी पाठवत राहीन.

केशोराव

—

बोदलकसा,
ता. १५ जून १९४३

तीर्थस्वरूप मामास नमस्कार.

तब्येतीले जपा. तुमाले काई झालं तर माझं कोण?

वैशाखात पानं आली अन् पंच ओसरीवर बसले. मी डोक्यावर पदर घेऊन साऱ्यायच्या मंधात उभी राहिली. बाईमाणूस पंचात बोलत नाई, पण मी बोलली. म्हटलं, माझा मामा तीस वर्षं मास्तर होता, त्यानं कोणाची चूक पास केली नाई. तो म्हणते 'मे' हाये, तर हाये. देवघरातला दिवा उचलून शपथ घेतली का हे मेल्याचा कागद आला तर मी स्वतः पानं तोडून आणीन, पण तवापर्यंत कोणी पळसाले हात लावला तर तळ्यात जाऊन पडन.

एक पंच म्हणे, "मामा खोटं बोलला असन तर?" मी म्हटलं, तुमी माझ्या मामाले ओळखत नाई.

त्यायनं पितृपक्षापर्यंत मुदत देली. मी बांगड्यावाल्याले बोलावून हातभर हिरवा चुडा भरला. सासरे पाहत राहिले. पुढचा धडा धाडा.

धुरपता

—

गोंदिया,
ता. ३० जुलै १९४३

चि. सौ. धुरपता हीस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. शपथ घ्यायला नको होती. माझ्या नावाने तर मुळीच घ्यायची नव्हती.

धडा. 'विल' आणि 'शॅल' पुढच्या काळाचे. 'डू' आणि 'डिड' प्रश्नासाठी: डिड ही गो? तो गेला का? 'डिड'नं भूतकाळ आपल्या अंगावर घेतला की मागचा 'गो' मोकळा, तो बदलत नाही. ओझं नेहमी पुढचा उचलतो.

मागे दहा वाक्यं आहेत, ती प्रश्नार्थी कर. पाऊस फार आहे, डाक सुटायची वेळ झाली.

केशोराव

—

बोदलकसा,
ता. २० ऑगस्ट १९४३

मामा,

मागे दहा वाक्यं नाईत.

ज्या कागदावर तुमी धडा लिहिला त्याच्यामागे भूगोल नाई. तुमीच फौजेच्या दप्तराले लिहिलेल्या चिठ्ठीचा कच्चा कागद हाये. ता. १० मे. शब्द खोडून खोडून लिहिलेले. पण तुमचं अक्षर मले तुमीच वाचाले शिकवलं.

तुमी लिहिलं का तुमचं पत्र मिळालं. अन् पुढं तुमच्या जावयाचं नाव, अन् नावापुढं 'वॉज'. 'मे' नाई, 'मस्ट' नाई, 'माइट' नाई. वॉज. त्याच्यापुढचा शेवटचा शब्द मले आला नाई, मामा. सारे मदतनीस ओळखीचे अन् खरं काम करणाराच अनोळखी. रोवणीतून चिखलाच्या पायानं तशीच तळ्यावरच्या बंगल्यात पळाली. तिथं या पावसाळ्यात नवा आलेला मुन्नालाल बाबू पाटाच्या पाण्याचं लिहितो, त्याले थोडी इंग्रजी येते. कागद दुमडून तेवढाच शब्द दाखवला. त्यानं तळ्याकडं हात केला. म्हणे, "डूब गया. कौन डूबा, बाई?"

मी म्हटलं, कोणी नाई.

तीन महिने झाले. मी चुडा भरला. वडसावित्री केली, दिवसभर पाणी नाई पिलं. दिवा उचलून शपथ घेतली का माझा मामा खोटं बोलत नाई. अन् तुमी दर पत्रात 'सौ.' लिहून राहिले. लिहिताना काई वाटलं नाई? हे सासूच्या सपनात येऊन पाणी मागत होते अन् मी त्यायचं पाणी अडवून बसली. तुमच्या शब्दावर!

मी गोड करू नका म्हटलं होतं. पहिल्याच पत्रात म्हटलं होतं.

घरात कोणाले सांगतलं नाई. कागद तांदळाच्या कोठीत हाये. काय करू ते समजत नाई, अन् तुमाले विचारूही वाटत नाई.

धुरपता

—

गोंदिया,
ता. १ सप्टेंबर १९४३

धुरपता,

नावामागे काय लिहू ते कळेना, म्हणून काही लिहिलं नाही.

घाईत पेटीतला वरचा कागद घेतला. एवढंच. तीस वर्षं पोरांना सांगत आलो की उत्तरपत्रिका परतून बघा, आणि मी स्वतः परतून पाहिलं नाही.

दप्तराचं पत्र आलं त्या दिवशी मी तुझ्याकडे यायला निघालो होतो. तिरोड्याचं तिकीट काढलं, गाडी आली, चढलो नाही. शकुंतलेला तिचा नवरा गेल्याची तार मी वाचून दाखवली होती. ती अंगणात तांदूळ निवडत होती. मी चष्मा लावला आणि वर्गात वाचावी तशी वाचली, शब्दन् शब्द बरोबर. सहा महिन्यांत ती गेली. तेव्हापासून मला वाटतं की एक दिवस उशिरा वाचली असती तर? किंवा चुकीची वाचली असती तर? तुझ्या वेळी मी एक दिवस थांबलो. मग दुसरा. मग तू शपथ घेतलीस, आणि मला परतीची वाट राहिली नाही.

हे माझं समर्थन नाही. मी चुकलो. लाल शाईने लिही हवं तर.

दप्तराचं मूळ पत्र सोबत पाठवतो आहे. सिंगापूर पडायच्या आदल्या दिवशी माणसं घेऊन निघालेलं जहाज बुडालं. बरोबरच्या एका शिपायाने सुकरामला बुडताना पाहिलं आणि तसं लिहून दिलं. ओसरीवर वाच, नाहीतर चुलीत घाल. पंच विचारतील तर मी येऊन त्यांच्यासमोर नाक घासेन. पण वाचायचं की नाही हे आता तू ठरव. ते माझ्या हातात असायलाच नको होतं.

केशोराव

—

बोदलकसा,
ता. ३० सप्टेंबर १९४३

मामास नमस्कार.

बरेच दिवस लिहिलं नाई. काल पितरांची अवस झाली. सारं सांगते.

कागद चुलीत घालाचं दोनदा मनात आलं. तिसऱ्यांदा चुलीसमोर बसलीही. सासू बाजूले भाकर थापत होती. तिनं विचारलं, "काई लिवून आलं का, माय?" अन् मले तुमचं समजलं, मामा. नाई म्हणणं किती सोपं हाये ते समजलं. मी नाई म्हटलं. तसं नऊ दिवस म्हटलं.

दहाव्या दिवशी सासू झोपेतून उठून पाण्याची घागर घेऊन दारात जाऊन उभी राहिली. म्हणे, घे रे बाबू, पी. तवा मी कागद काढला.

पंच अन् महाराज ओसरीवर बसले. सासरे खांबाले टेकून होते. कागद सरकारी, त्याच्यात रेघ मारता येत नाई. मी मोठ्यानं वाचला. सुकराम वॉज ड्राउन्ड.

मराठीत सांगाची गरजच पडली नाई. माझ्या तोंडातून यायचं नाव निघालं अन् साऱ्या बाया रडाले लागल्या. सासूनं कपाळ बडवलं. म्हणे, नाव घेतलं तिनं, गेला माझा बाबू.

पण सासरे उठले. ज्यायनं सालभर पळस पळस केलं तेच. माझ्याजवळ आले अन् कागदावर बोट ठेवून म्हणे, "नीट पाय. तो नाई का त्याच्यात? तो लहान शब्द, मे? तू म्हणत होती ना, तो असला का जिता असते. मी रोज ध्यानात ठेवले तुये शब्द. मे, माइट, कुड. त्यातला एकही नाई का? परतून पाय, मागं असन."

मामा, मले वाटत होतं ते रोज मजा घेऊन राहिले. ते शिकून राहिले होते. त्यायच्यासाठी मी कागद परतला. मागं कोरा होता. त्यायले दाखवला. ते तिथंच खाली बसले अन् लेकरावाणी रडले.

मग मीच म्हटलं, चला, पानं आणू. शपथ घेतली होती. तीनशे साठ पानं मी माझ्या हातानं तोडली, सासरे मागून टोपली घेऊन आले. तळ्याच्या काठी मढं केलं. सासऱ्यायनं अग्नी देला. सासूनं घागरभर पाणी ओतलं, घे, पी म्हणाली. बांगड्या मी दगडावर फोडल्या. दुसऱ्या बाईले हात लावू देला नाई.

तुमच्यावरचा राग गेला नाई. जाईन का ते मले ठाऊक नाई, अन् ठाऊक नाई याले कोणता शब्द लावतात ते तुमीच शिकवलं. नाक घासाले येऊ नका, सासऱ्यायनं तुमचं नावही काढलं नाई. आज दिवसबुडता ते ओसरीवर बसले होते. सवयीनं म्हणे, "आज कोणता शब्द?" माझ्याजवळ नवा शब्द नव्हता.

म्हणून पुढचा धडा धाडा. पाठकोऱ्या कागदावर लिहाल तर मागची बाजू पाहून घ्या. माझ्या नावामागं आता काई लिहू नका, नुसतं धुरपता लिहा. पण लिहा, मामा.

धुरपता